साडेबारा तास निर्जळी

घाटाखालच्या तालुक्याच्या गावी ट्रस्टचं एक रुग्णालय आहे. महिन्यातल्या एका शनिवारी शहरातून लहान मुलांचे सर्जन येतात, त्या दिवशी मुलांची यादी लागते आणि भूल द्यायला मी जाते. एक ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, दोन सिस्टर, एक मावशी. ज्या शनिवारबद्दल लिहिते आहे, त्या दिवशी यादीत सहा मुलं होती. प्रकरण तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाचं आहे. दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा त्यात मध्येच शिरला. तो शिरला नसता तर हे लिहायला मी बसलेच नसते. साखर उतरलेलं एक मूल सावरलं, एवढी एक ओळ रजिस्टरात पडली असती. ओळख लागू नये म्हणून दोघांचेही काही तपशील बदलले आहेत.

सकाळ

मुलगा १९ महिन्यांचा, वजन ९ किलो. वयाच्या मानाने हडकुळाच. उजव्या जांघेत हर्निया: रडला की लिंबाएवढा फुगवटा येई, झोपला की आत जाई. बाकी ठीक. सर्दी नाही, ताप नाही, छाती साफ. वरणभात खायला लागलेला, पण रात्री दोन-तीनदा अजून अंगावर पिणारा.

घर वाडीवर, ३० किलोमीटर लांब. आदल्या संध्याकाळी रुग्णालयातून फोन गेला, "रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. सकाळी सातला हजर राहा." सहाही घरांना हाच निरोप. आईने साडेसातला वरणभात भरवला, पावणेबाराला झोपेतच छातीशी घेऊन पाजलं, आणि मग ती उठून दुसऱ्या खोलीत जाऊन झोपली. जवळ असली की तो मागणार, हे तिला ठाऊक होतं. तीनला तो उठलाच. आजीने थोपटलं, खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या. पाचला जीप निघाली. यातलं काहीही मला सकाळी माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

मी साडेआठला पोचले. सहाही मुलं पाहिली. छाती तपासली, दात हलतात का पाहिलं, आधी कधी भूल घेतली आहे का, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, सगळं विचारलं. पोटाबद्दलचा माझा प्रश्न मात्र असा होता: "काही दिलं नाही ना, ताई?" त्याला उत्तर एकच असतं. "नाही, थेंबही नाही," असं ती म्हणाली, मी मान डोलावली आणि फॉर्मवर 'एनबीएम' समोर बरोबरची खूण केली. एनबीएम, म्हणजे निल बाय माउथ, तोंडावाटे काही नाही. त्या रकान्यात वेळ लिहायला जागाच नव्हती.

सर्जन नऊला येणार होते. घाटात ट्रक उलटला होता, ते दहा दहाला आले. पहिली केस सहा वर्षांच्या मुलाची, अंडकोश खाली न उतरलेला. "मोठी केस आधी उरकू," सर्जन म्हणाले, मीही हो म्हटलं. लहानात लहान मूल सर्वांत आधी, हा नियम आम्हा दोघांनाही पाठ आहे. दहा वीसला सुरू करून अकरा दहाला ती संपली. दुसऱ्या मुलाला आत घ्या असं सांगणार, तेवढ्यात प्रसूती कक्षातून निरोप: बाळाचे ठोके पडताहेत, सिझर. ओटी एकच, भूल देणारीही एकच. सिझर झालं, बाळ रडलं, आई छान. बारा दहाला मी बाहेर आले आणि सिस्टर म्हणाल्या,

"मॅडम, तीन नंबर फार शांत झालाय हो."

लहान मुलांत काम करणाऱ्या माणसाला 'शांत' या शब्दाची भीती वाटते. उपाशी मूल रडतं, चिडतं, आईचा पदर ओढतं. ते शांत झालं की समजावं, रडायलाही काही उरलेलं नाही.

आईच्या खांद्यावर मान टाकून तो पडला होता. हाक मारली तर डोळे उघडे, परत मिटले. जीभ कोरडी. सकाळपासून शू नाही. नाडी १५८. छातीवर बोट दाबून सोडलं तर लाली परतायला तीन सेकंद. टाचेतून रक्ताचा थेंब घेतला: साखर ४७. पुन्हा घेतला: ४९. शेवटचं अंगावरचं दूध पावणेबाराला, आता सव्वाबारा. साडेबारा तास.

वाटीतलं साखरपाणी

अशा मुलाला सलाईन लावायचं आणि त्यातून ग्लुकोज द्यायचं, हे पुस्तकातलं उत्तर. पण तहानलेल्या मुलाच्या शिरा आत ओढल्या गेलेल्या असतात. दोन्ही हातांवर मिळून तीनदा टोचलं, शीर मिळाली नाही. तो रडलाही बेताचाच. तिसऱ्या सुईनंतर मी थांबले आणि मावशींना म्हटलं, स्वयंपाकघरातून एक चमचा साखर आणि उकळून गार केलेलं पाणी आणा, अर्धी वाटी.

"मॅडम, एनबीएम आहे तो," सिस्टर म्हणाल्या. आवाजात धक्का होता. वीस वर्षं त्या हे व्रत सांभाळत आल्या आहेत, आणि भूल देणारी बाईच ते मोडायला निघालेली.

त्यांना जे तिथे घाईत सांगितलं, ते इथे जरा सावकाश सांगते. साखरपाणी हे निवळ, म्हणजे आरपार दिसणारं पेय. ते पोटात थांबत नाही. निरोगी मुलाच्या जठरातून असं निम्मं पाणी साधारण अर्ध्या तासात पुढे सरकतं आणि तासाभरात जठर जवळजवळ आधीसारखं होतं. किलोमागे ३ मिली, म्हणजे या मुलाला २७ मिली, एवढं पाणी तासभर आधी दिलेलं चालतं. तो हाकेला डोळे उघडत होता, ओठाला चमचा लागताच गिळत होता. गिळता आलं नसतं तर तोंडात काहीही घातलं नसतं, सलाईनसाठी पायाच्या हाडात सुई घातली असती. ती तयारी शेजारच्या ट्रेमध्ये ठेवली होती, हेही सांगायला हवं. मी काही धाडस करत नव्हते.

त्याला बसता धरून चमच्याचमच्याने २७ मिली पाजलं. आईने पाजलं, मी मोजलं. पाचव्या-सहाव्या चमच्याला त्याने स्वतः वाटी धरली. बारा पन्नासला साखर ७१. आता पाय जरा गरम झाले होते, घोट्याजवळची शीर एका टोचण्यात मिळाली. रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन ९० मिली हळूहळू दिलं, मग एक टक्का ग्लुकोज घातलेलं सलाईन चालू ठेवलं. सव्वाला साखर ९२, नाडी १२८. आणि त्याने आईच्या मांडीवर शू केली. ती ओशाळली. मला मात्र सकाळपासून एवढं बरं वाटलं नव्हतं.

कागदावरचा हिशेब असा. हॉलिडे आणि सेगर या अमेरिकी डॉक्टरांनी १९५७ मध्ये मांडलेलं मुलांच्या पाण्याच्या गरजेचं सूत्र आम्ही आजही वापरतो: पहिल्या दहा किलोंना तासाला किलोमागे ४ मिली. ९ किलोंना तासाला ३६. साडेबारा तासांचे ४५० मिली. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत थोडंच कमी, नऊ किलोच्या देहातून. शरीर लघवी आवरून बराच तोटा सावरतं, त्यामुळे प्रत्यक्षात इतकं कमी झालेलं नसतं, पण दिशा तीच. साखरेचंही तसंच. यकृतातला साठा या वयात तुटपुंजा आणि मेंदूची मागणी मोठी. साठा सरला की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन वाढतात. तीन वर्षांखालच्या मुलांत उपासाचे तास वाढले की कीटोन वाढतात, हे जर्मनीत मोजून पाहिलेलं आहे. प्रत्येक उपाशी मुलाची साखर ४७ होत नाही. बहुतेकांची तग धरते, आणि त्यामुळेच आपण निर्धास्त राहतो. हा मुलगा बारीक, दोन वर्षांखालचा, रात्री दूध पिऊन भागवणारा. रात्रीची ती दोन-तीन पाजणी हाच त्याचा साठा होता आणि तोच आपण काढून घेतला.

दुसऱ्या क्रमांकाची आजी

ही सगळी धावपळ ओटीबाहेरच्या बाकांवर चालली होती. दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा चार वर्षांचा, १४ किलोचा, अंडकोशात पाणी भरलेला. हिरवा गाऊन घालून आजीच्या मांडीवर तयार बसलेला. आता त्याचाच नंबर. आजी साखरपाण्याकडे बघत होती. मी हात धुवायला निघाले, तशी ती मागोमाग आली.

"डॉक्टरीणबाई, रागावणार नसाल तर एक सांगू का?"

"सांगा की, आजी."

"ह्याला म्या सकाळी दोन बिस्किटं दिल्यात. च्यात बुडवून. त्याच्या आईला बी ठावं न्हाई."

किती वाजता? "तुम्ही सगळे त्या मोठ्या डॉक्टरांची वाट बघत होता तवा." म्हणजे साधारण साडेनऊ. रुग्णालयामागच्या टपरीवरचा दुधाचा चहा.

इथे घड्याळ परत फिरवून बघा. सिझर आलं नसतं, तर सव्वा अकराला मी या मुलाच्या तोंडावर मास्क ठेवला असता. चहा-बिस्किटांना पावणेदोन तास झालेले असते. माझ्या फॉर्मवर 'एनबीएम' समोर बरोबरची खूण होती आणि त्याची आई शपथेवर सांगत होती, थेंबही नाही. ती खोटं बोलत नव्हती, तिला माहीतच नव्हतं. आणि आजी तरी का बोलली? कारण शेजारच्या बाकावर डॉक्टरनेच मुलाला पाजलं आणि कुणी कुणाला रागावलं नाही. एरवी ती बोलली नसती.

पोटात नक्की काय आहे हे बघता येतं. प्रसूती कक्षातलं सोनोग्राफी मशीन ओढत आणलं, मुलाला उजव्या कुशीवर वळवलं, छातीच्या हाडाखाली प्रोब ठेवला. रिकामं जठर तिथे चपटं, वर्तुळात वर्तुळ असल्यासारखं दिसतं. पाणी असेल तर काळं. या मुलाच्या पोटात धुरकट, दाणेदार काहीतरी होतं, श्वासापरत्वे हलणारं. एक वाजला होता. चहाला साडेतीन तास झाले तरी बिस्किटांचा लगदा तिथेच. भीती, रडणं, यांनी जठर मंदावतं. हे वाचलेलं होतं, त्या दिवशी पडद्यावर दिसलं.

हलक्या खाण्याला सहा तास. म्हणजे साडेतीन वाजता घेता आलं असतं. सर्जनना साडेतीनच्या आत घाटाला लागायचं होतं, बाकीच्या तीन केस व्हायच्या होत्या. त्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यावर ढकलली. आजीने डोक्याला हात लावला. येण्याजाण्याचं जीपचं भाडं, बापाचा बुडालेला दिवस, आणि वर सून विचारणार की का नाही झालं. मी सुनेला एवढंच सांगितलं की वेळ उरला नाही. तेही खरंच होतं. आज विचार करते तेव्हा वाटतं, सर्जनना तासभर थांबवून घ्यायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्याला मात्र घेतलं. सर्जन म्हणत होते, हाही पुढच्या महिन्यात घेऊ. पण पुढच्या महिन्यात हेच, हीच रात्र, हीच जीप. आता तो भिजलेला होता, साखर ठीक, शीर मिळालेली, साखरपाण्याला तास उलटून गेलेला. पोटावर प्रोब ठेवला, रिकामं. एक पन्नासला भूल दिली, जागा झाल्यावर दुखू नये म्हणून पाठीच्या तळाशी कॉडल, म्हणजे खालचा भाग बधिर करणारं इंजेक्शन, दिलं, अर्ध्या तासात हर्निया झाला. जागा झाल्यावर आईच्या कुशीत गेला आणि पावणेतीनला अंगावर प्यायला. साखर १०४.

बारा कुठून आले

रुग्णालयावर बोट ठेवून हे संपवता आलं असतं. पण मी नंतर कागद चाळले तेव्हा दिसलं ते असं. सर्जनच्या महिन्याभरापूर्वीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: सहा तास उपाशी. यात पाणी, आईचं दूध, जेवण सगळं एकाच गाठोड्यात. यादी नऊची, म्हणून सहा तास म्हणजे पहाटे तीन. पण तीनला कुणाला उठवणार, म्हणून कार्यालयाने बारा केले. फोन करणाऱ्या मुलीने 'थेंबही' हा शब्द स्वतःहून घातला. एकदा कुणीतरी दूध पाजून आणलं म्हणून ती ओरडा खाऊन बसली होती. आईने बाराचे पावणेबारा केले. नऊचे दहा दहा झाले ट्रकमुळे, मग मोठी केस आधी, मग सिझर. प्रत्येकाने आपापल्या जागी थोडी खबरदारी जास्त घेतली. साडेबारा तास असे साठले, आणि त्यातला एकही तास कुणाला मुद्दाम द्यायचा नव्हता.

पोट रिकामं का हवं, याला पक्कं कारण आहे, ते उडवून लावायचं नाही. जागेपणी पोटातलं वर आलं तर आपण खोकतो, ठसका लागतो, श्वासनलिकेचं दार मिटतं. भुलेत ठसकाही जातो आणि अन्ननलिकेच्या तोंडाची गाठही सैल पडते. जठरातलं आम्ल फुप्फुसात गेलं तर भाजतं, घट्ट अन्न गेलं तर नळी बुजते. न्यूयॉर्कचे डॉक्टर मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ प्रसूतींचा आढावा छापला. त्यात ६६ बायकांच्या फुप्फुसांत पोटातलं गेलं होतं, दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्नाने गुदमरून. त्या काळी बाळंतिणींना श्वासनलिकेत नळी न घालता, मास्कवर वायूची भूल देत. त्या आढाव्यानंतर भुलेआधीच्या उपाशीपणाला धार आली, आणि पुढे सोयीसाठी सगळ्यांना सगळ्याचं एकच वेळापत्रक लागलं: मध्यरात्र. दुपारी दोनच्या केसलाही मध्यरात्र.

गंमत अशी की त्याच्याही आधी लोकांना यातला फरक कळत होता. लिस्टर, जखमा निर्जंतुक ठेवायला शिकवणारे तेच, त्यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवलं आहे की क्लोरोफॉर्म देताना पोटात घट्ट काही नसावं, पण सुमारे दोन तास आधी एक कप चहा किंवा मांसाचं पातळ सूप दिलेलं चांगलं. घट्ट वेगळं आणि पातळ वेगळं, हे व्हिक्टोरिया राणीच्या काळात ठाऊक होतं. आपण मध्ये विसरलो.

अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने १९९९ मध्ये जे वेळापत्रक घालून दिलं, ते आम्ही परीक्षेत २-४-६-८ असं घोकलं: निवळ पाणी २ तास, अंगावरचं दूध ४, वरचं दूध आणि हलकं खाणं ६, तळलेलं किंवा मटण ८. स्वीडनमध्ये उप्साला इथल्या रुग्णालयात त्याहून पुढे जाऊन मुलांना ओटीत बोलावेपर्यंत पाणी प्यायची मुभा होती. २०१५ मध्ये त्यांनी आपल्या १०,०१५ मुलांची नोंद छापली: तिघांच्या फुप्फुसांत पोटातलं गेलं, एकालाही अतिदक्षता विभागात न्यावं लागलं नाही. त्याआधी दोन वर्षं, २०१३ मध्ये, ब्रिटनमधल्या लहान मुलांच्या अकरा केंद्रांची एक नोंद आली होती: १,१८,३७१ मुलांत २४ जण, आणि तिथे बहुतेक ठिकाणी दोन तासांचा नियम होता. म्हणजे ब्रिटनमध्ये दहा हजारांत दोन आणि उप्सालात दहा हजारांत तीन. २०१८ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि युरोपातल्या बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन सांगितलं की निवळ पाणी एक तास आधीपर्यंत द्या. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शनात अंगावरचं दूध ३ तास, वरचं दूध आणि हलकी न्याहारी ४ तास झाली. अमेरिकेने दोन तास धरून ठेवले आहेत. आपल्याकडे भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेचं २०२० चं सविस्तर मार्गदर्शन आहेच. नियमांत तासादोन तासांचा फरक असेल, पण त्यातलं एकही पान कुणाला साडेबारा तास ठेवा म्हणत नाही.

आणि जास्त उपाशी ठेवल्याने पोट जास्त रिकामं होतं, असंही नाही. लाळ गिळली जाते, जठर आपला रस सोडतच राहतं. दोन तास आधी पाणी प्यायलेल्या मुलांच्या पोटात, मध्यरात्रीपासून उपाशी असलेल्यांपेक्षा जास्त काही सापडत नाही. झालेलं संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००९ च्या आढाव्याचाही निष्कर्ष हाच, शिवाय प्यायलेली मुलं कमी चिडचिडी.

उपास, निर्जळी, निवळ

आमच्या भागात भाषेनेच अर्धा घोळ होतो. "उपाशी ठेवा" म्हटलं की घरात 'उपास' ऐकू येतो, आणि उपासाला दूध चालतं, चहा चालतो, केळं चालतं. एका आईने मुलीला सकाळी साबुदाण्याची खिचडी देऊन आणलं होतं, अगदी प्रामाणिकपणे. त्या धास्तीने कर्मचारी दुसऱ्या टोकाला जातात आणि 'थेंबही नाही' म्हणतात. म्हणजे दीड वर्षाच्या पोराकडून हरतालिका करवून घेतो आपण, तीही रात्रीपासून.

मग मी 'निवळ पेय' म्हणायला लागले, तर त्यातही फसगत. कोकणाकडच्या घरांत पेजेवरचं पाणी ती निवळ, काही घरांत दह्यावरचं पाणी ती निवळ. शब्द शंभर टक्के बरोबर, पेय चूक. पेजेच्या पाण्यात पीठ असतं, ते हलक्या खाण्यात धरायचं. वरणाचं पाणी नाही. ताक नाही. दुधाचा चहा हा चहा नव्हे, ते दूध. आता मी सरळ सांगते: पाणी, साखरपाणी, खडीसाखरेचं पाणी, गाळलेला सफरचंदाचा रस. पेला वर्तमानपत्रावर ठेवून खालची अक्षरं वाचता आली तर चालेल. शहाळ्याचं पाणी मी चालवते, मलई गाळून.

आणि सगळ्याच मुलांना नाही. आतडं अडलेलं मूल, पोट फुगलेलं, सतत ओकणारं, अपघातातून आलेलं, तिथे घड्याळ काही सांगत नाही. त्यांचं पोट भरलेलंच धरून चालायचं. वर लिहिलेलं सगळं ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या निरोगी मुलांबद्दल आहे. घरी वाचणाऱ्या आईवडिलांनी आपल्या भूलतज्ज्ञाने दिलेली वेळच पाळावी. पण ती घड्याळात नेमकी मागून घ्यावी, पाण्याची वेगळी आणि दुधाची वेगळी.

पुढचा शनिवार

बदल फार मोठे नाहीत. संध्याकाळचा फोन आता मी करते, सहा घरांना मिळून वीस-पंचवीस मिनिटं जातात. यादी वयाने लागते, सर्जन कुरकुरतात आणि ऐकतात. तिसऱ्यापासून पुढच्या मुलांना निवळ पाण्याची वेळ सकाळी रुग्णालयातच, सिस्टरांच्या देखत. यादी एक तासाहून जास्त लांबली की बाकांवर साखरपाण्याची वाटी फिरते. कागदावर मी दोन तास लिहिते. मूल बारीक असेल आणि यादी माझ्या हातात असेल, तर तासभर आधीही पाजते.

फॉर्मवरची 'एनबीएम'ची चौकट काढली. तिथे आता तीन ओळी आहेत: शेवटचं काय खाल्लं, शेवटचं काय प्यायलं, घरातल्या आणखी कुणी काही दिलं का. तिसरा प्रश्न मी आईला विचारत नाही, जो कुणी सोबत आला असेल त्याला वेगळं गाठून विचारते, आणि प्रश्न असा असतो: "सकाळपासून काय काय दिलं?"

कार्यालयातल्या भिंतीवर 'रात्री १२ नंतर काहीही नाही' ही जुनी पाटी अजून आहे. ती काढा म्हणून दोनदा सांगून झालं.

चार वर्षांचा तो मुलगा पुढच्या महिन्यात आला. सोबत आजीच होती. त्याच्या फॉर्मवर सिस्टरांनी आपल्या अक्षरात लिहिलेलं आहे: "रात्री ८ः३० भाकरी-दूध. सकाळी ७ः१५ साखरपाणी अर्धा कप. बिस्किट नाही, आजी दोनदा म्हणाली."